वीरभद्रचं सत्तर

"सत्तर," वीरभद्र म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, मॅडम. वेग सत्तर नॉट. फायनलवर पूर्ण वेळ सत्तर."

त्याच्या शेजारी त्याचे वडील बसले होते, आप्पासाहेब हिंगमिरे. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार सांगून झाल्यावर मुलीकडच्यांकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता बोला, तुमचं काय म्हणणं?

माझं म्हणणं पुष्कळ होतं. पण त्या खोलीतली पद्धत अशी की उड्डाण संपवून आल्यावर आधी विद्यार्थ्यानं बोलायचं. काय बरं केलं, काय चुकलं, हे त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं आणि मग शिक्षकानं त्याची साल काढायची. यासाठी खोलीत दोन माणसं लागतात. त्या दिवशी आम्ही चौघं होतो. चौथे म्हणजे आमच्या फ्लाइंग स्कूलचे मालक आणि मुख्य प्रशिक्षक, कॅप्टन धुमाळ. आप्पासाहेबांना खुर्ची त्यांनीच आणून दिली होती, चहाही त्यांनीच सांगितला होता. पालकसभा असावी तसं सगळं चाललं होतं.

मी त्या शाळेत नवीन होते. ठाण्याहून गावाबाहेरच्या त्या माळावर येऊन मला दोनच महिने झाले होते. वीरभद्रला धुमाळांनी स्वतः शिकवलं होतं. पण मुलाला पहिल्यांदा एकट्यानं विमान घेऊन पाठवण्याआधी दुसऱ्या शिक्षकानं त्याची परीक्षा घ्यायची असा आमच्याकडे नियम होता, आणि दुसरी शिक्षक मीच. धुमाळ सकाळीच म्हणाले होते, "टिपणीस मॅडम, एक चक्कर मारून या. फॉर्मॅलिटी आहे."

फॉर्मॅलिटी कशी असणार नाही? दुसऱ्या दिवशीच्या समारंभाची तयारी आधीच झालेली होती. फाटकाशी दुमजली घराएवढा फ्लेक्स लागला होता. त्यावर 'गगनभरारी!' आणि खाली चि. वीरभद्र आप्पासाहेब हिंगमिरे यांना प्रथम एकल विमान उड्डाणाबद्दल हार्दिक शुभेच्छा. गॉगल घातलेला वीरभद्र एका जंबो जेटपुढे हाताची घडी घालून उभा होता. त्या जंबोची शेपटीसुद्धा आमच्या धावपट्टीवर मावली नसती. वीरभद्रच्या वर त्याच्या दुप्पट आकाराचे आप्पासाहेब हात जोडून हसत होते. मांडव घालणं चालू होतं, हलगीवाले आदल्या दिवशीच येऊन थांबले होते, आणि तालुक्याचे माजी सभापती शाल-श्रीफळ घेऊन येणार होते.

आप्पासाहेबांचा धंदा बोअरवेलचा. तालुक्यात जमिनीला जितकी भोकं होती त्यातली निम्मी त्यांच्या गाड्यांनी पाडलेली. जन्मभर खाली गेलेल्या माणसाला मुलगा वर जावा असं वाटलं, यात गैर काही नव्हतं. घाई तेवढी गैर होती.

"बरं," मी वीरभद्रला म्हटलं, "फायनल म्हणजे काय, आप्पासाहेबांना सांग."

"धावपट्टीच्या रेषेत आल्यावर उतरायचा शेवटचा टप्पा," तो घडाघडा म्हणाला. "त्यात वेग सत्तर ठेवायचा. फार कमी झाला तर विमानाखालची हवा सुटते आणि विमान पडतं."

पाठांतर चोख होतं. त्याची सगळीच पाठांतरं चोख होती. इंजिन चालू करण्यापासून बंद करण्यापर्यंत काय काय म्हणायचं ते तो संध्याकाळचा परवचा म्हणावा तसं म्हणायचा.

"झालं तर मग!" आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "समदं बराबर हाय. मग मॅडम, तुम्ही शेवटाला पोराच्या हातातनं इमान काढून का घेतलंत? मी खालनं बगत हुतो. धुमाळसाहेब म्हणले, आत्ता मॅडमनी घेतलं."

"मॅडम जरा जास्तच काळजी करतात," धुमाळ हसून म्हणाले. "मुंबईकडच्या शिस्तीच्या आहेत ना."

मी खिशातून एक काळं रबरी झाकण काढून टेबलावर ठेवलं. काचेला चिकटतं तसलं, बशीच्या निम्म्या आकाराचं.

"हे ओळखतोस, वीरभद्र?"

त्यानं मान हलवली. नाही.

"फायनलला वळल्याबरोबर हे मी वेगाच्या मीटरवर लावलं. मीटर झाकला गेला की मुलगा आवाजावरून, नाकाच्या चढ-उतारावरून वेग ओळखतो का, ते कळतं. हुशार मुलगा ताबडतोब ओरडतो, मॅडम, मीटर दिसत नाहीये. मठ्ठ मुलगा थोड्या वेळानं ओरडतो. तू ओरडलाच नाहीस. सत्तर, सत्तर म्हणत राहिलास. झाकण उचलून मी बघितलं तेव्हा छप्पन्न होता."

वीरभद्रनं ते झाकण हातात घेतलं, उलटं केलं, परत ठेवलं.

धुमाळ लगेच सावरायला धावले. "फीलिंग असतं, मॅडम, काही काही मुलांना. अंदाजानं सांगितलं असेल."

"अंदाज चौदानं चुकला."

"चौदानंच न्हवं?" आप्पासाहेब म्हणाले. "मॅडम, आम्ही शेतकऱ्याला सांगतो, दोनशे फुटावर पाणी लागंल. लागतं चारशेला. कंदी कंदी लागत बी न्हाई. म्हणून कुणी मरतंय व्हय?"

"यात मरतं, आप्पासाहेब."

ते जरा गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. बाईमाणसाशी किती वाद घालायचा, या हिशेबानं गप्प झाले.

माझं लक्ष वीरभद्रकडे होतं. मुलगा एकोणीस-वीसचा, अंगानं थोराड, चेहऱ्यावर तो फ्लेक्सवरचा गॉगल. खोलीतही काढला नव्हता. दोन महिने मी त्याला बघत होते, पण गॉगलशिवाय कधी पाहिल्याचं मला आठवेना.

"गॉगल काढ."

त्यानं काढला. डोळे छोटे, पाणीदार आणि फार दमलेले होते. रात्रभर झोपला नसावा.

"तळहाताएवढं काळं झाकण तुझ्या नाकासमोर होतं. ते तुला दिसलं कसं नाही?"

तो वडिलांकडे बघत नव्हता, धुमाळांकडेही नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "मी डोळे मिटतो, मॅडम."

"काय करतोस?"

"फायनलला. जमीन वर येते ना, अंगावर येते एकदम. नाही बघवत मला. मग मी मिटतो आणि सत्तर म्हणतो."

"आणि विमान कोण उतरवतं?"

"धुमाळ सर. मी नुसता हात ठेवतो. उतरलं की सर पाठीवर थाप मारतात. शाबास म्हणतात." मग एकदम वर बघून म्हणाला, "पण वर मला आवडतं, मॅडम. खरंच. वर काहीच वाटत नाही. तुम्ही मला काढू नका. फक्त खाली येताना..."

मी धुमाळांकडे बघितलं. त्यांना छताच्या पंख्यात फार रस निर्माण झाला होता. आपण सरळ उतरवायचं आणि विद्यार्थ्याला शाबासकी द्यायची, म्हणजे मुलगा खूश, बाप खूश, मांडव वेळेवर. असं शिकवणं मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. गाढवाला गुळाची चव नसते म्हणतात, पण इथे गाढवच गुळाचा दुकानदार होता.

माझी अपेक्षा होती की आता तरी आप्पासाहेब हादरतील. पण धुमाळ पंख्यावरून खाली उतरले आणि काय म्हणाले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आप्पासाहेब, आता तुम्ही असं बघा. डोळे मिटून मुलाला एवढं येतंय."

आप्पासाहेबांचा चेहरा क्षणभर कोरा राहिला, मग उजळला. "म्हंजे उघडल्यावर काय करंल!"

"तेच म्हणतो मी."

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा मुलगा उद्या एकटा जाणार नाही. मी पाठवणार नाही."

"बसा, बसा," धुमाळ शांतपणे म्हणाले. "तुम्ही नका पाठवू. उद्या सकाळी मीच त्याची एक परीक्षा घेतो, मीच सही करतो. नऊला सभापती येतील, सव्वानऊला मुलगा उडेल, साडेनऊला पेढे. तुम्हाला बरं वाटत नसेल तर सुट्टी घ्या."

आणि त्यांनी ते केलंच असतं. उद्या त्या विमानात शेजारच्या सीटवर कुणी नसणार होतं. शाबास म्हणायला नाही आणि उतरवायलाही नाही. दुपारपर्यंत त्या मांडवात वेगळीच माणसं जमली असती.

"आप्पासाहेब," मी विचारलं, "तुमचा पोरावर भरवसा आहे?"

"आमचा न्हाई तर कुणाचा?"

"मग चला. आत्ता. विमानात मागे जागा आहे, तुम्ही मागे बसा. पुढे वीरभद्र आणि शेजारी मी. मी हात मांडीवर ठेवून बसणार. उद्या जे तो एकटा करणार आहे, ते आज तुम्हाला घेऊन करेल."

आप्पासाहेबांनी चहाची बशी उचलली आणि ती रिकामी होती तरी प्यायले.

"आत्ता? न्हाई, म्हंजे आत्ताच जेवण झालंय. मला पित्ताचा त्रास हाय."

"मी गोळी देते."

"बीपी बी हाय. आन् आज वार कुठला? शनवार न्हवं का?"

"उद्याचा रविवार मुलाला चालतो, मग आजचा शनिवार तुम्हाला का नाही?"

वीरभद्र वडिलांकडे टक लावून बघत होता. मी त्याला काही बोल म्हटलं नव्हतं, तो आपणहून बोलला. "आप्पा, तुम्हाला माज्या मागं बसायचं भ्या वाटतंय?"

"भ्या कशाचं रे? पित्त..."

"मग उद्या मी एकटाच जाणार हाय न्हवं?"

आप्पासाहेबांनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली. कदाचित त्याच क्षणी ते उठून म्हणाले असते, राहू दे पोरा, नको. बापच होते शेवटी. पण खिडकीशी मांडवाचं काम सोडून आलेले चार कार्यकर्ते उभे होते आणि त्यांतला एक चढलेल्या आवाजात ओरडला, "आप्पा, बसा की! इमानातनं हात हलवा, फोटू काढतो!"

दुसरा म्हणाला, "आप्पासाहेब हिंगमिरे आगे बढो!"

हलगीवाल्यांना वाटलं, सुरू झालं. ते वाजवायला लागले. मरणाची भीती मोठी खरी, पण चार लोकांत माघार घेण्याची त्याहून मोठी. आप्पासाहेब उठले, टोपी नीट केली आणि बळी द्यायला निघालेल्या बोकडासारखे विमानाकडे चालू लागले. कुणीतरी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते मी काढायला लावलं. धुमाळ मध्ये पडायला आले, तर आप्पासाहेबच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. लोक बगत्यात."

मी वीरभद्रचा गॉगल माझ्या खिशात टाकला. "आज हा नाही."

वर जाणं सुरेख झालं. खरंच त्याला वर आवडत असे. हात हलका, वळणं गोल, मान मोकळी. मागे आप्पासाहेब आधी पुढच्या सीटला मिठी मारून बसले होते, मग हळूहळू त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "ती बग आपली गाडी! पाटलाच्या मळ्यात. च्यायला, बंद ठिवून बसल्यात की रे!" वरून कामगारांची चोरी पकडता येते हे कळल्यावर त्यांचं पित्त पार गेलं.

मग आम्ही फायनलला वळलो.

समोर धावपट्टी, तिच्या कडेला मांडव आणि मुंगीएवढी माणसं. मी हात मांडीवर ठेवले आणि धावपट्टीकडे न बघता वीरभद्रच्या डोळ्यांकडे बघत राहिले. आप्पासाहेबांचं वजन मागे होतं, त्यामुळे विमानाचं नाक वर उचललं जात होतं आणि वेग उतरत होता. पन्नासला मी विमान घेणार होते. त्याच्या आधी नाही, असं स्वतःला बजावत होते.

"सत्तर," वीरभद्र म्हणाला आणि त्याचे डोळे मिटले.

मीटरवर त्रेसष्ट झाले. एकसष्ट.

मागून आवाज आला. ओळखू येऊ नये इतका बारीक. "भद्र्या... डोळं उघडं हायत न्हवं रे?"

त्यानं उघडले. आधी समोर बघितलं आणि त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला. मग त्यानं मीटरकडे बघितलं.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. मग ओरडला, "अठ्ठावन्न, मॅडम! सत्तर नाही! अठ्ठावन्न आहे!"

"बरं. मग?"

"तुम्ही घ्या!"

"मी नाही घेणार. उद्या मी नसेन."

"घ्या की वो मॅडम!" मागून आप्पासाहेब.

वीरभद्रनं नाक खाली दाबलं, इंजिनची ताकद वाढवली. वेग आला, पण आता विमान तिरकं झालं होतं आणि धावपट्टीचं तोंड पोटाखालून सरकून चाललं होतं. या अवस्थेत उतरवलं असतं तर आम्ही मांडवाचं उद्घाटन केलं असतं. हे मला दिसत होतं. त्यालाही दिसतंय की नाही, एवढाच प्रश्न होता.

"उतरीव रे आता!" आप्पासाहेब ओरडले. "खाली पोरं फोटू काढत्यात! उतरीव!"

"न्हाई उतरवत."

"आरं, लोक काय म्हणतील!"

"न्हाई उतरवत म्हटलं न्हवं आप्पा!"

आणि त्यानं इंजिनला पूर्ण ताकद दिली. विमान मांडवावरून, हलगीवरून, फ्लेक्सवरच्या आप्पासाहेबांच्या दुप्पट आकाराच्या हसऱ्या चेहऱ्यावरून गरजत वर गेलं. मला इतका आनंद झाला की मी आपल्याच मांडीवर थाप मारली. शिकाऊ वैमानिकाला उतरवता येणं ही सोपी गोष्ट आहे, सरावानं येते. आता उतरवायचं नाही, हे कळणं कठीण. ज्याला ते कळतं तो जगतो.

दुसऱ्या खेपेला त्यानं उतरवलं. विमान तीनदा आपटलं, एकदा डावीकडे पळालं. शेवटी मी सुकाणूच्या पेडलला थोडा पाय लावला, तेवढं खोटं बोलत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते उघडे होते. मागे बघितलं तर आप्पासाहेबांनी टोपी तोंडावर घट्ट दाबून धरली होती.

खाली कार्यकर्त्यांनी उद्याचा हार आजच आणला आणि घातला तो आप्पासाहेबांना.

"आप्पा, पैल्या टायमाला एवढं खाली येऊन परत वर का गेलं?"

आप्पासाहेबांनी विमानाच्या पंखाला धरलं आणि म्हणाले, "मीच म्हणलं. आजून एक राउंड मार म्हणलं."

टाळ्या पडल्या. धुमाळांनीही वाजवल्या. मग आप्पासाहेबांनी त्यांना जरा बाजूला घेतलं. हळू बोलायची सवय नसल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. "उद्याचं क्यान्सल. सभापतींना फोन लावा."

"का? काय सांगू त्यांना?"

"हवामान खराब हाय म्हणून सांगा."

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. पण आप्पासाहेबांचा चेहरा बघून धुमाळ फोनकडे गेले. मला मात्र त्यांनी पुढच्या महिन्यात नारळ दिला. त्यांच्या जागी मी असते तर त्याच दिवशी दिला असता.

वीरभद्र आणि मी परत त्या खोलीत गेलो. या वेळी दोघंच.

"बोल," मी म्हटलं. "काय बरं झालं, काय चुकलं?"

तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग भरभर. परवचा म्हटल्यासारखं नव्हे, आठवून आठवून. नाक कधी वर गेलं, मीटरकडे किती उशिरा बघितलं, कुठे वाटलं की आता मेलो, वर जाताना आधी काय ओढलं आणि काय विसरलं. मधे मधे तो हातांनी विमान करून दाखवत होता. सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरतच नव्हतं.

दार ढकलून आप्पासाहेब आत डोकावले. गळ्यात हार तसाच होता. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पण आत आले नाहीत.

"भद्र्या, चल. गाडी लागलीय."

"थांबा आप्पा," वीरभद्र मागे न बघता म्हणाला. "अजून माज्या चुका संपल्या न्हाईत."

आप्पासाहेब दारात थोडे घुटमळले. मग दार हळूच लोटून घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.